बिघडलेला कॅमेरा : दुरुस्ती की नवी खरेदी?



वस्तू बिघडली की तिचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या आजी-पणजींना फारसा पडत नसे. गळक्या हंड्याला डाग दिला जाई, पितळी पातेल्यांना कल्हई होई, विरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई. वस्तू टाकण्याची वेळ येई तेव्हा ती खरोखरच संपलेली असे, आणि ती संपली हे कोणासही डोळ्यांनी दिसे. आज घराघरांत असलेल्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे तसे नाही. बाहेरून ती नव्यासारखी लखलखीत असते, आतून मात्र मुकी झालेली असते. ती संपली की नुसती अडली, हे आपल्याला कळत नाही. कारागीर सांगेल ते ऐकावे लागते, आणि कारागीराच्या शेजारीच बहुधा नव्या वस्तूंचे दुकान असते.

अशा वस्तूंत डिजिटल कॅमेऱ्याचे प्रकरण सर्वांत अवघड. मिक्सर बिघडला तर किंमत आणि दुरुस्ती यांचा हिशेब पाच मिनिटांत होतो. कॅमेऱ्यात किंमत मोठी, भाग सूक्ष्म, दुरुस्त करणारे थोडे आणि मोह फार. म्हणून या वेळच्या लेखासाठी मी तोच विषय घेतला आहे. निमित्त आमच्या घरातलेच आहे.

माझ्या वन्सं नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यास असतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे लहानसे गाव. घरचे किराणा दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या कडेला माझा भाचा फोटोचे काम करतो. चिंचपाड्यासारख्या गावात फोटोचे काम म्हणजे चैनीचा धंदा नव्हे. जूनमध्ये शाळा-आश्रमशाळांचे प्रवेश, मग शिष्यवृत्तीचे अर्ज, वर्षभर शिधापत्रिका, बँकेची खाती, भरतीचे अर्ज. प्रत्येकाला पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात. याच जिल्ह्यातील शहादे तालुक्यात टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. तेव्हापासून डोंगरपाड्यांतील माणसाचाही चेहरा कॅमेऱ्यासमोर येणे अटळ झाले. शिवाय फेब्रुवारी ते मे लग्नसराई. रात्र रात्र चालणारी लग्ने, धुळीने भरलेले मांडव, आणि मध्येच एखादी वळवाची सर.

अशाच एका लग्नात, ऐन मे महिन्यात, भाच्याचा कॅमेरा अडला. पडद्यावर चुकीची सूचना उमटली, आत खट् असा आवाज झाला आणि त्यानंतर त्याने एकही चित्र टिपले नाही. उरलेले लग्न त्याने मोबाइलवर काढले. वधूपित्याने पैसे पूर्ण दिले, पण तोंड वाकडे करून.

कॅमेरा २०१६ च्या दिवाळीत घेतलेला, लेन्स बदलता येणारा, मधल्या किमतीच्या वर्गातला होता. घरात तीन मते झाली. भाच्याचे मत, नवा आरशाविना चालणारा कॅमेरा घ्यावा. लेन्स, बॅटऱ्या आणि जोडण्या धरून खर्च लाखाच्या घरात. त्याच्या वडिलांचे मत, कॅमेराच नको, मोबाइल पुरे. वन्संनी मत दिले नाही. त्यांनी एवढेच सांगितले की घरात सध्या एक लाखाची जी ठेव आहे ती धाकट्या मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी राखलेली आहे. मग भाच्याचा मला फोन आला, “मामी, तुम्ही हिशेबाचे लिहिता, तुम्हीच सांगा.”

हिशेबाकडे जाण्यापूर्वी बिघाड कोणता हे कळले पाहिजे. इथे बहुतेक जण घाई करतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारी चुकीची सूचना ही तापासारखी असते. ताप हे लक्षण. रोग साधा पडशाचाही असू शकतो. बॅटरी जुनी होऊन दाब कमी देत असेल तरी तीच सूचना येते. मेमरी कार्ड खराब असेल तरी येते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामधले सोनेरी स्पर्शबिंदू मळले असतील तरी येते. म्हणून आधी दुसरी भरलेली बॅटरी, मग दुसरे कार्ड, मग लेन्स उतरवून कोरड्या स्वच्छ कापडाने ते बिंदू पुसणे, मग दुसरी लेन्स लावून पाहणे, एवढे घरीच करावे. याला पैसा लागत नाही, आणि पुष्कळ कॅमेरे एवढ्यानेच बोलू लागतात. कॅमेऱ्यात साध्या पेन्सिल सेलच्या बॅटऱ्या असतील आणि त्या महिनोन्‌महिने आत राहून पाझरल्या असतील, तर पत्र्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड साचते. ती क्षारीय असते. व्हिनेगरच्या थेंबात भिजवलेल्या कापसाने पुसली की जाते.

याच्या पुढे मात्र स्वतः स्क्रू उघडू नयेत. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक विद्युतसंचय करणारा भाग असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला राहतो, आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ तसाच असतो. घरातील हौशी मुलांना हे मुद्दाम सांगावे.

भाच्याने हे सर्व करून पाहिले. काहीच हलले नाही. त्याने लेन्स उतरवून आत पाहिले तेव्हा शटरची एक पातळ पट्टी वाकून अडकलेली दिसली.

शटर म्हणजे चित्र घेणाऱ्या संवेदकासमोरची धातूच्या पातळ पट्ट्यांची खिडकी. प्रत्येक चित्रागणिक ती उघडते आणि मिटते, सेकंदाच्या हजाराव्या भागातही. कॅमेऱ्यात झिजणारा मुख्य भाग हाच. कंपन्या त्याचे आयुष्य उघडझापीच्या संख्येत सांगतात : साध्या वर्गात सुमारे १ लाख, मधल्या वर्गात दीड लाख, वृत्तछायाचित्रकार वापरतात त्या वर्गात ४ लाखांपर्यंत. ही संख्या म्हणजे औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. काही शटर आधी जातात, काही दुप्पट टिकतात. पण अंदाज त्यावरून येतो. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्राच्या फायलीतच ही संख्या नोंदलेली असते आणि संगणकावर पाहता येते. भाच्याच्या शेवटच्या चित्रात १ लाख ४२ हजार असा आकडा निघाला. २०२० ची लग्नसराई कोरोनाने बुडवली. ती सोडून सात हंगाम, दर हंगामाला वीस हजारांच्या आसपास चित्रे. म्हणजे शटर अकाली गेले नव्हते. ते आपले काम पुरे करून थांबले होते. मोटारीचे टायर झिजले म्हणून कोणी मोटार मोडीत काढत नाही.

मात्र बिघाड शटरऐवजी लेन्सला लागलेल्या बुरशीचा असता, तर माझे उत्तर निराळे झाले असते. नवापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे खान्देशातील पावसाचा मुलूख. धुळे-अमळनेरच्या कोरड्या हवेत जे चालते ते तिथे चालत नाही. हवेतील ओलावा दीर्घकाळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिला आणि लेन्स अंधारात बंद पडून राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उमटतात. सुरुवातीला ते पुसले जातात. उशीर झाला की बुरशीतून पाझरणारे आम्ल काचेवरील लेप खाते, आणि मग स्वच्छ करूनही काच पूर्ववत होत नाही. अशा लेन्सवर खर्च करू नये.

यावर उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरणे. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी ठेवणे हे बुरशीला आमंत्रण आहे. आणि भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरण्याची जी रीत मोबाइलपासून रूढ झाली आहे, ती कृपया सोडावी. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही; त्याची पूड मात्र लेन्सच्या दांड्यात आणि बटणांत जाते. बॅटरी आणि कार्ड तत्काळ काढावे, कॅमेरा सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा, पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्यावा.

पुन्हा भाच्याकडे. शटर गेले हे कळल्यावर दोन ठिकाणी विचारणा झाली. मोठ्या शहरातील अधिकृत सेवाकेंद्राने शटरचा संपूर्ण संच, मजुरी आणि कर धरून १४,८०० रुपये सांगितले. भागाला तीन आठवडे, कामाची हमी ठरावीक मुदतीची, लेखी. एका स्वतंत्र कारागीराने ६,५०० सांगितले. भाग बाहेरचा, हमी तीन महिन्यांची, तीही तोंडी. नंदुरबारच्या एका परिचिताने सांगितले, “एवढे पैसे जुन्यात घालू नकोस, त्यापेक्षा मी नव्यावर सूट मिळवून देतो.” हा सल्ला फुकट मिळतो. सल्ला देणाऱ्याचा फायदा कशात आहे, हे आधी पाहावे.

आता हिशेब. आपल्या घरांत जमाखर्चाची वही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, म्हणून घसारा हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. नवा कॅमेरा लाखाचा, तो आठ वर्षे चालेल असे धरले तर वर्षाला साडेबारा हजार. दुरुस्ती १४,८०० ची. नवे शटर बसले तर ते आणखी सात हंगाम चालू शकेल, पण कॅमेऱ्याचे इतर भाग आठ वर्षांचे झाले आहेत. उद्या आरसा हलवणारी मोटर जाईल, परवा मुख्य पट्टिका. म्हणून मी नव्या शटरला दोनच वर्षांचे आयुष्य धरले. तरीही वर्षाला ७,४०० होतात. हिशेब दुरुस्तीच्या बाजूने पडतो, आणि आपण धरलेला अंदाज जाणूनबुजून कडक आहे.

भाच्याचा पहिला आक्षेप असा की जुन्या कॅमेऱ्याची चित्रे आता कमी प्रतीची ठरतात. हा आक्षेप मला मान्य झाला नाही, आणि का ते गुणाकाराने दाखवता येते. पासपोर्टचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर त्याला एकूण सुमारे २ लाख २० हजार बिंदू लागतात. सहा बाय चार इंचाच्या फोटोला २१ लाख ६० हजार. लग्नाच्या अल्बमचे बारा बाय छत्तीस इंचांचे पसरलेले पान, इंचाला २०० बिंदूंनी छापले तर पावणेदोन कोटींच्या आत, आणि त्या पानावर एक नव्हे, पाच-सहा चित्रे मांडलेली असतात. भाच्याचा कॅमेरा २ कोटी ४० लाख बिंदूंचा आहे. त्याच्या गिऱ्हाइकाला जे लागते त्याहून तो आजही मोठा आहे. अंधारात चांगले चित्र टिपण्यात नवे कॅमेरे पुढे गेले आहेत, हे खरे. पण मांडवात फ्लॅश असतोच.

एक अवांतर, पण आपल्या वाचकांसाठी गैरलागू नाही. फिल्मच्या जमान्यात प्रत्येक फिल्मवर प्रकाशसंवेदी क्षारांचा जो थर असे तो जिलेटिनमध्ये कालवलेला असे, आणि जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. आपल्या कित्येक घरांतील तपाच्या पारण्याचे आणि दीक्षेच्या वरघोड्याचे जुने फोटो त्याच फिल्मवर निघाले, कोणाला ठाऊक नव्हते. डिजिटल कॅमेऱ्याने फिल्म संपवली. रासायनिक प्रक्रियेने छापल्या जाणाऱ्या फोटोच्या कागदावर मात्र जिलेटिन आजही आहे. ज्यांना हे टाळावयाचे आहे त्यांनी अल्बमचा कागद कोणता आहे हे छापणाऱ्यास आधी विचारावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. “मामी, पुन्हा लग्नात बंद पडला तर?” हळद पुन्हा लागत नाही, मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत. किराणा दुकानातील वजनकाटा बंद पडला तर शेजाऱ्याचा आणता येतो. मांडवात कॅमेरा बंद पडला तर गेलेला क्षण परत मिळत नाही, आणि अशी एक गोष्ट पंचक्रोशीत पसरली की पुढल्या वर्षीच्या लग्नांची बोलणी दुसऱ्या छायाचित्रकाराकडे जातात. हा धोका पैशांत मोजणे कठीण, पण तो हिशेबात धरलाच पाहिजे. मात्र नवा कॅमेरा घेतल्याने तो धोका जात नाही. नवा कॅमेराही हातातून पडू शकतो, त्याचेही कार्ड बिघडू शकते. एका कॅमेऱ्यावर लग्न स्वीकारणे हाच धोका आहे. लग्नाची कामे घेणाऱ्याजवळ दोन कॅमेरे हवेत, आणि दुसरा नवा असण्याची काही आवश्यकता नाही.

भाच्याच्याच कॅमेऱ्याचा, कमी वापरलेला, जुन्या बाजारातील एक नमुना १८ हजारांस मिळत होता. त्याच्याही फायलीतली संख्या पाहिली : ३१ हजार. दुरुस्तीचे १४,८०० आणि हे १८,०००, एकूण ३२,८००. लाखाच्या तिसऱ्या हिश्श्यात दोन कॅमेरे, तेही अशा जातीचे की लेन्स, बॅटऱ्या आणि फ्लॅश दोघांनाही एकच चालतात. हा शेवटचा मुद्दा लहान दिसतो, पण खरेदीचा खरा खर्च तिथेच लपलेला असतो. कॅमेरा म्हणजे एकटी वस्तू नव्हे, ते कुटुंब आहे. निकॉन कंपनीची लेन्स बसवण्याची जुनी खोबण १९५९ पासून चालत आली. कॅनन कंपनीने आपली १९८७ मध्ये बदलली आणि तिच्या गिऱ्हाइकांच्या जुन्या लेन्स निरुपयोगी झाल्या. पुढे २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नव्या खोबणी आणल्या. जुन्या लेन्स जोडणी लावून नव्यावर बसवता येतात, पण जोडणीचे पैसे पडतात आणि काही जुन्या लेन्स त्यावर आपोआप केंद्रित होत नाहीत. दुकानातील पाटीवर नव्या कॅमेऱ्याची किंमत लिहिलेली असते. या गोष्टी लिहिलेल्या नसतात.

स्वतंत्र कारागीराचे ६,५०० का नाकारले, हे वन्संनी विचारले. फरक आठ हजारांचा आहे, तो लहान नाही. घरगुती वापराचा, सणासुदीला निघणारा कॅमेरा असता तर मीही त्याच्याकडेच पाठवला असता. पण रोजीरोटीच्या साधनाला तोंडी हमी पुरत नाही. बिल हातात असले तर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेलाही लागू आहे, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. स्वतंत्र कारागीर वाईट असतात असे मुळीच नव्हे. उलट कंपनीने जुन्या कॅमेऱ्यांचे भाग देणे थांबवले की तेच एकमेव आधार उरतात, आणि त्यांतले कित्येक कंपनीच्या माणसांपेक्षा हाताने कुशल असतात.

या हाताच्या कौशल्याला महाराष्ट्रात जुना वारसा आहे. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबुराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे आतेबंधू-मामेबंधू म्हणावेत असे निकटचे सोबती आनंदराव यांनी चित्रपट काढावयाचे ठरवले तेव्हा विलायती कॅमेरा त्यांच्या आवाक्याबाहेर होता. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुरावांनी दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांना घेऊन यंत्राचे मर्म समजून घेतले आणि कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्या खटपटीचे फळ. पुढे त्याच कार्यशाळेत तयार झालेल्या दामले-फत्तेलालांनी शांताराम यांच्यासह १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभारली. ज्याने यंत्र उघडून पाहिले आहे, त्याला त्याची भीती उरत नाही.

आजचे कॅमेरे तसे उघडता येत नाहीत, हेही मान्य करावे लागेल. १९७५ मध्ये अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा तो साडेतीन किलोहून अधिक वजनाचा होता, त्याची चित्रे दहा हजार बिंदूंची, कृष्णधवल, आणि एक चित्र कॅसेटवर उतरावयास २३ सेकंद लागत. त्याचा प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसत होता. आज तेच काम नखाएवढ्या चकतीवर होते. ती बिघडली तर दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. आणि कॅमेरे बनवणारेही आटत चालले आहेत. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ मध्ये ८० लाखांहूनही कमी. मोबाइलने बाजार गिळला. कॅसिओने २०१८ मध्ये खिशातले कॅमेरे बनवणे थांबवले, ऑलिंपसने आपला कॅमेऱ्यांचा व्यवसाय विकला, तो जानेवारी २०२१ पासून दुसऱ्या नावाने चालतो. म्हणून दुरुस्तीला देण्यापूर्वी पहिला प्रश्न किमतीचा नसावा. या नमुन्याचे भाग अजून मिळतात का, हा असावा. उत्तर नकारार्थी असेल तर विचारच संपला.

दुसरा प्रश्न : हा दोष कंपनीला आधीच ठाऊक आहे का? २००५ च्या सुमारास असे दिसून आले की सोनीने बनवलेले काही संवेदक उष्ण व दमट हवेत निकामी होतात. ते संवेदक अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते, आणि त्या कंपन्यांनी हमीची मुदत संपलेली असतानाही ते विनामूल्य बदलून दिले. निकॉनच्या एका नमुन्यात शटरमधून संवेदकावर डाग पडत. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने त्याचे शटर विनामूल्य बदलण्याचे जाहीर केले. ज्यांनी चौकशी केली त्यांना लाभ झाला. ज्यांनी कॅमेरा भंगारात दिला त्यांना नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. कॅमेऱ्याचे नाव स्वतंत्रपणे नसले तरी कंपन्यांनी भाग आणि माहिती द्यावी ही मागणी आता सरकारदरबारी पोहोचली आहे.

भाच्याचे काही म्हणणे मला मानावे लागले. गिऱ्हाईक आता छायाचित्रांइतकीच चित्रफीत मागते, मोबाइलवर फिरवण्यासाठी लहान लहान तुकडे मागते, आणि त्यात नवे कॅमेरे निःसंशय सरस आहेत. त्याच्या कमाईतील निम्मी चित्रफितीची असती तर मी नवाच घ्यावयास सांगितले असते. पण ते काम तो नंदुरबारच्या मित्रास देतो आणि त्यातला वाटा घेतो. तो मित्र आहे तोवर लाखाची घाई नाही. भावोजींच्या मोबाइलच्या मताबद्दल एवढेच की मोबाइलने पासपोर्ट फोटो निघतो, लग्नही निघते. पण ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला गिऱ्हाईक छायाचित्रकाराचे पैसे देत नाही. ते काम त्याचा स्वतःचा पुतण्या करतो.

शेवटी असे झाले की कॅमेरा सेवाकेंद्रात गेला. पाठवण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घेतले, त्यातील लग्नांची चित्रे दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर उतरवली; बॅटरी आणि पट्टा घरी ठेवला, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि बाहेरचे ओरखडे यांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवले, म्हणजे परत येताना वाद नको. शटर बसून यावयास साडेतीन आठवडे लागले, तोवर जूनच्या प्रवेशांची गर्दी जुन्या बाजारातील कॅमेऱ्याने निभावली. फार्मसीची ठेव मोडावी लागली नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत होईल असे नाही. सेवाकेंद्राने कॅमेरा उघडल्यावर “मुख्य पट्टिकाही गेली आहे, आणखी वीस हजार” असे कळवले असते, तर मी तिथेच थांबावयास सांगितले असते. म्हणून दुरुस्तीला देताना कमाल किती खर्च करावयाचा हा आकडा आधीच ठरवावा आणि कागदावर लिहून द्यावा. माझा आकडा जुन्या बाजारातील तशाच कॅमेऱ्याच्या किमतीएवढा असतो, त्याहून एक रुपयाही अधिक नाही.

नवा कॅमेरा घेण्याचेच ठरले तर वस्तू व सेवा कराचे पक्के बिल घ्यावे. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तरी बिलाशिवाय स्वस्तात देणारे भेटतातच. अशा मालाला भारतातील हमी बहुधा लागू होत नाही आणि पहिल्याच बिघाडात वाचवलेले पैसे जातात.

आणि ज्यांचा कॅमेरा खरोखरच संपला आहे, त्यांनी तो कपाटात ठेवू नये, रस्त्यावरच्या भंगारवाल्यासही देऊ नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा निर्मात्याच्या संकलन केंद्राकडे तो द्यावा. त्याहून बरे, एखाद्या कॅमेरा कारागीरास भागांसाठी द्यावा. निकामी कॅमेऱ्याचे शटर, बटणे, पडदा यांवर दुसरे दोन कॅमेरे उभे राहतात. बॅटरी मात्र वेगळी काढावी, तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, फुगलेली असेल तर दाबू वा टोचू नये. कार्ड काढून घ्यावयास विसरू नये.

पुढील अंकात पावसाळ्यापूर्वी घरातील इन्व्हर्टरची बॅटरी कशी तपासावी याविषयी लिहीन. वाचकांनी आपले प्रश्न महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवावेत.